पाचवीची बॅटरी

सिद्धूची शेड माझ्या सायकलच्या दुकानाला भिंतीला भिंत लावून होती, आणि पहिली दोन वर्षं मी त्याला रोज शिव्या घातल्या. त्याच्या शेडमधून घशात खवखवणारा वास यायचा, इंजिन दिवसभर धडधडायचं, आणि ॲसिडच्या वाफेनं माझ्या नव्याकोऱ्या रिमांवर गंज चढायचा. मी भांडायला गेलो की तो घोंगडीवर बसल्या बसल्या मान वर करायचा आणि म्हणायचा, "गेणबातात्या, हळू बोला. नवी हाय, बुजंल." नवी म्हणजे बायको नव्हे, बॅटरी. मला वाटायचं, ॲसिड याच्या मेंदूपर्यंत पोचलंय.

सिद्धू मूळचा इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचा. बाप-आजा मेंढरं राखून जगलेले. एका पावसाळ्यात साथ आली आणि दीडशे मेंढरांतली नऊ उरली. ती नऊ भावाच्या हवाली करून हा पुण्याच्या रस्त्यावर ट्रकचा क्लीनर झाला. पुण्यात एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली बॅटऱ्या भरायला शिकला आणि एक जुनं इंजिन, एक डायनामो घेऊन बारामतीला आला. ट्रकवाले त्याच्याकडं यायचे, तंबूतला सिनेमावाला यायचा, आणि आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावच्या पंचायतीची रेडिओची बॅटरी बैलगाडीतून यायची. त्याच्या सदऱ्याला चाळणीसारखी भोकं असायची. कपाळावर मात्र सकाळी लावलेला भंडारा संध्याकाळपर्यंत तसाच पिवळाजर्द.

जुनी बॅटरी भरणं वेगळं आणि नवी तयार करणं वेगळं, हे मला त्याच्यामुळं कळलं. नवी बॅटरी कोरडी येते. आधी मातीच्या रांजणात पाणी घ्यायचं आणि त्यात ॲसिड सोडायचं, थेंब थेंब. उलटं केलं तर तोंडावर उडतं. ते निवलं की बॅटरीच्या सहा तोंडांतून आत भरायचं आणि एक दिवस नुसतं मुरू द्यायचं. मग तीन दिवस, तीन रात्री, अगदी बारीक धारेनं वीज सोडायची. घाई केली तर आतले पत्रे वाकतात. तीन दिवसांनी बॅटरी भरली तरी ती गिऱ्हाइकाला द्यायची नाही. एक दिवा लावून तिला अर्धी उतरवायची, परत भरायची, परत अर्धी उतरवायची. असं तीनदा. पहिल्याच खेपेला कुणी तिला पुरती रिकामी केली तर ती जन्माची अधू होते.

"कोकराला पैल्या दिवशी चालवत न्हाईत तात्या," तो म्हणायचा. "खांद्यावर घ्यायचं. दुसऱ्या दिवशी चार पावलं. मग त्ये धा कोस चालतंय."

काचेची एक नळी त्याच्याकडं होती. ती बॅटरीच्या तोंडात घालून ॲसिड वर ओढलं की आत एक काटा तरंगायचा. काटा साडेबाराशेच्या रेघेवर उभा राहिला की बॅटरी भरली. पण नळी तो शेवटी लावायचा. आधी बॅटरीवर कान ठेवायचा. भरत आलेल्या बॅटरीत बारीक बुडबुडे फुटत असतात, आणि इंजिन बंद केल्यावरही ते बराच वेळ चालू राहतात. एका दुपारी बाजार सुनसान असताना त्यानं मला बळंच वाकायला लावलं. मी कान ठेवला. आत कुणीतरी दात न उघडता भराभरा बोलत होतं, असं मला वाटलं. मी ताडकन उठलो आणि त्याला म्हणालो, "हे तुझं तू ऐक." त्या दिवसापासून मी त्या शेडमध्ये एकटा थांबलो नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे मी इथंच सांगून ठेवतो. पण भीतीला विश्वास लागत नाही.

छप्पन सालच्या दिवाळीनंतर वडगाव निंबाळकरचे आप्पासाहेब शेडच्या दारात येऊन उभे राहिले. कालव्याच्या पाण्यावर वांगी, कोबी, पेरू पिकवायचे आणि स्वतःच्या ट्रकनं पुण्याच्या मंडईला धाडायचे. मोठा आब असलेला माणूस. सिद्धूकडं बसायला काही नव्हतं म्हणून मी माझं स्टूल दिलं, आणि स्टूल माझं म्हणून मीही तिथंच उभा राहिलो.

"दोन नव्या बॅटऱ्या आनल्यात," ते म्हणाले. "ट्रकला न्हाय. बाळंतिनीच्या खोलीत दिवा लावायचाय."

मला हसू आलं होतं, पण त्यांचं तोंड बघून गिळलं.

"माज्या सुनेची तीन लेकरं गेली. तिन्ही पाचवीच्या राती. तिन्ही येळा सटवाईपुढला दिवा इझला आन् सकाळी लेकरू गार. पुन्याच्या डाक्टरला दाखवलं, देवाला बोकड दिला, समदं केलं. आता पुन्यांदा दिस भरत आल्यात."

आमच्याकडं मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते. तिच्यासाठी पाट्यावर पूजा मांडतात, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, आणि एक दिवा लावतात. तो दिवा सकाळपर्यंत जाऊ द्यायचा नसतो. घरातली एक बाई त्याच्यापाशी जागते. पुढं एका डॉक्टरनं मला सांगितलं, की नाळ कापायच्या विळ्यातून धनुर्वात होतो आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पोरं जातात. असेलही तसं. पण तिन्ही वेळा दिवा कसा गेला, ते त्यालाही सांगता आलं नाही.

"तेलाचा दिवा वाऱ्यानं जातो," आप्पासाहेब म्हणाले, "ट्रकचा जात न्हाय. लेकरू जलमल्यापासनं बारशापतुर दिवसरात त्यो तितं जळला पायजे. पाचवीला तर जळलाच पायजे."

सिद्धूनं विचारलं, "सून कुठली म्हनायची?"

"तुज्याच निरवांगीची. महिपती माळ्याची फुलाबाई."

महिपतीच्या विहिरीवर सिद्धूची मेंढरं पाणी प्यायची, आणि चार-पाच वर्षांची फुला कोकरांच्या मागं पळायची, असं त्यानं मला नंतर सांगितलं. आप्पासाहेबांना तो एवढंच म्हणाला, "सतरा दिवस लागतील. मधी मागायला येऊ नका. आन् ह्या बॅटऱ्या जात न्हाईत. माजा शबुद."

सतरा दिवस त्यानं त्या दोन बॅटऱ्यांना जपलं. कडाक्याची थंडी पडली होती, तर स्वतःची घोंगडी त्यांच्याखाली घातली आणि आपण पोत्यावर झोपला. फुलाबाईचा नवरा सर्जेराव दोनदा निरोप घेऊन आला, की दिवस भरले, आहे तशी द्या. दोन्ही वेळा सिद्धूनं त्याला दारातूनच परत पाठवलं. सतराव्या दिवशी काटा साडेबाराशेवर गेला, आणि दोनच दिवसांनी वडगावहून सांगावा आला. मुलगी झाली होती.

बॅटरी ओसरीवर एका लाकडी पेटीत ठेवली. घरातल्या पोरांनी हात घालू नये म्हणून सिद्धूनं पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या करगोट्याला बांधली. भिंतीला भोक पाडून तार आत नेली. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नाहीत, म्हणून आत दिवा टांगायचं काम सुइणीला दारातून सांगून करवून घेतलं. लहान दिवा होता, तेवढी एक बॅटरी त्याला सहज आठवडाभर पुरली असती. तरी सिद्धू म्हणाला, पाचवीला मी दुसरी बदलून देईन, ताजी भरलेली.

पाचव्या दिवशी त्यानं मला बरोबर घेतलं. बॅटरी बैलगाडीत आणि आम्ही दोघं तिच्यामागं सायकलवर. चारच्या सुमाराला पोचलो. जुनी काढून नवी बसवली, मधल्या क्षणभरासाठी सुइणीनं आत पणती धरली. सिद्धूनं सहाही तोंडांत नळी घातली. साडेबाराशे. मीही पाहिलं. दिवा आत पांढरा लागला होता, दाराच्या फटीतून दिसत होता. आप्पासाहेब समाधानानं वाड्यात गेले. सिद्धू तार नीट आहे का बघायला भिंतीच्या भोकाशी वाकला आणि तसाच थांबला.

भिंतीतून आवाज येत होता.

"सिद्धूदादा."

मी त्याच्या मागंच होतो. खालच्या आवाजात, जिवाच्या आकांतानं ती बोलत होती. तोंड अगदी भोकाला लावलेलं असावं, कारण शब्दांआधी श्वास ऐकू यायचा.

"दादा, आज तिनीसांजंला दिवा जाऊ द्या."

"फुला? काय म्हनतीस बाय?"

"तिन्ही येळा मी जागी हुते. कुनी इस्वास ठेवत न्हाय. दिवा आधी न्हाय गेला. आधी ती आली. पाट्यापाशी बसली. दिव्याच्या उजेडात लेकराच्या कपाळावर लिवलं, आन् लिवून झाल्यावर फुकर घातली. उजेडच नसला तर तिला लिवता यायचं न्हाय, दादा. तिला माजं लेकरू सापडायचंच न्हाय. मी पदर पसरते तुमच्यापुडं."

उन्हं अजून ओसरीवर होती, अंगणात कोंबड्या फिरत होत्या, आणि मला ते अंगण कुणाच्या तरी ताब्यात गेल्यासारखं वाटलं. सिद्धू उकिडवा बसला होता. त्याचा हात पेटीवर होता. नुसतं एक टोक सैल करायचं होतं, कुणाला कळलंही नसतं. त्यानं कितीतरी वेळ त्या पेटीकडं बघितलं.

"न्हाय जमायचं फुला," तो शेवटी म्हणाला. "शबुद दिलाय. आन् दिवा गेला आन् लेकराला काय झालं, तर मी कुठं तोंड दाखवू? माजी बॅटरी जात न्हाय. तू घोर लावून घेऊ नगंस."

भिंतीतून मग लेकराचा चुटचुट पिण्याचा आवाज तेवढा आला. मला सिद्धूचा राग आला आणि त्याचं पटलंही. त्याच्या जागी मी असतो तर सायकल घेऊन पळालो असतो.

दिवस मावळला. आप्पासाहेबांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, तुळशीपुढं दिवा लावला. आत पूजा मांडली. कागद, लेखणी, हळदकुंकू. सुईण जागणार होती. आम्ही ओसरीवर चहा पीत होतो तेवढ्यात आतून सुइणीची किंकाळी आली. दाराच्या फटीतला पांढरा उजेड गेला होता.

बॅटरीचा दिवा उतरताना कसा उतरतो ते मी शंभरदा पाहिलंय. पांढऱ्याचा पिवळा होतो, पिवळ्याचा तांबडा, आणि तासभर रेंगाळत जातो. हा कुणी चिमटीत धरून विझवावा तसा गेला. सिद्धूनं कुलूप उघडलं. टोकं घट्ट होती. कंदील धरून नळी लावली. काटा साडेबाराशेवर. त्यानं खिशातला दुसरा दिवा काढून थेट बॅटरीच्या टोकांना लावला. लागला नाही. तिसरा लावला. नाही. मग त्यानं जाड तार घेतली आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला टेकवली. असं केलं की भरलेली बॅटरी टोपलीभर ठिणग्या उडवते. एकही उडाली नाही. तार त्याच्या हातात होती आणि तो माझ्याकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांत मी कधी नाही ती भीती पाहिली.

सुईण बाहेर पळून आली होती. द्वारकाबाई समई घेऊन आत निघाल्या तेवढ्यात आतून कडी पडली. फुलाबाईनं दार लावून घेतलं होतं.

त्यानंतर घरानं सगळं केलं. द्वारकाबाईंनी दार बडवलं, सर्जेरावानं खांद्यानं रेटलं, आप्पासाहेबांनी आधी हाक मारली, मग दरडावलं. फणसाचं जुनं दार, ते हललं नाही. शेवटी आप्पासाहेबांनीच सगळ्यांना मागं घेतलं, आत बाळंतीण आहे म्हणून. ती रात्र आम्ही ओसरीवर बसून काढली. एकदाच आतून पाटा फरशीवर सरकल्यासारखा घासत आवाज आला, आणि मग कुणीतरी चाचपडत भिंतीला हात लावत फिरल्यासारखा. तो हात आमच्या पाठीमागच्या भिंतीपर्यंत आला, तारेच्या भोकापाशी थांबला, परत गेला. सिद्धूनं विचारलं, "ऐकलं?" मी म्हणालो, "नाही." मी खोटं बोललो.

उजाडल्यावर कडी निघाली. फुलाबाई भिंतीला टेकून बसली होती आणि पोरगी तिच्या अंगावर पीत होती. पोरगी जिवंत होती! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सर्जेराव तर उंबऱ्यावरच बसला. पण द्वारकाबाई पाट्याकडं बघत होत्या. पाटा होता त्या जागी नव्हता, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेला होता. एकट्या ओल्या बाळंतिणीनं तो तिथवर नेणं शक्य नव्हतं.

"दिवा गेला तरी लेकरू ऱ्हायलं," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या. "मग आदीची तिन्ही कुनी खाल्ली? दार हिनं लावलं. दिवा हिनंच घालवला. आत कुनाशी काय बोलत हुती, इचारा तिला."

जावा-नणंदा दारापासून मागं सरकल्या. फुलाबाईनं पोरीवर पदर घेतला. आजवर ज्या बाईला सगळे अभागी म्हणत होते तिच्याकडं आता सगळे वेगळ्याच नजरेनं बघत होते, आणि मला कळलं की हे घर तिला आता जगू देणार नाही.

आप्पासाहेब सिद्धूकडं वळले. आवाज चढवला नाही. "एकच सांग. बॅटरीत खोट हाय का? खोट असंल तर सुनेचा दोष न्हाय, दिवा खोटीनं गेला. खोट नसंल तर ती आजच निरवांगीला जाईल, आन् लेकरू हितं ऱ्हाईल."

रात्रीचा काटा मी पाहिला होता. सिद्धूनं तर स्वतः नळी लावून पाहिला होता. तो पाय जवळ घेऊन उभा राहिला.

"खोट हाय," तो म्हणाला. "माजी हाय."

"काय खोट?"

"हिरीचं पानी घातलं."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. बॅटरीत शुद्ध केलेलं पाणीच जातं. आमच्याकडच्या विहिरी मचूळ, त्या पाण्यातला क्षार पत्रे खाऊन टाकतो. विहिरीचं पाणी घालणारा बॅटरीवाला म्हणजे दुधात चुना कालवणारा गवळी. सिद्धूनं त्याआधी स्वतःचा हात तोडला असता.

आप्पासाहेब मूर्ख नव्हते. "बरं," ते म्हणाले. "ही बॅटरी आज ह्या घरात नगं, तूच ने. उद्या सर्जेराव तुज्याकडं येईल. ट्रकमदनं बॅटरी पुन्याला जाईल. जितनं आनली तितंच तपासू दे. तवर सून हितं ऱ्हाईल."

शेडमध्ये आल्यावर सिद्धूनं बॅटरी घोंगडीवर ठेवली आणि दिवा लावून पाहिला. लखकन् लागला, डोळे दिपतील असा. रात्री तीन दिवे आणि जाड तार लावून जी मुकी होती, तीच बॅटरी. मी भिंतीला जाऊन टेकलो. सिद्धूनं दिवा काढला, परत लावला, परत काढला. नवी, निरोगी, दहा वर्षं चालेल अशी बॅटरी पुण्याच्या मिस्त्रीनं हातात घेतली असती, तर त्यानं दोन मिनिटांत लिहून दिलं असतं की खोट काही नाही.

"तात्या," तो म्हणाला, "घरात मीठ हाय?"

मला कळायला वेळ लागला. कळल्यावर मी ओरडलो. "अरे, तुझी रोजीरोटी आहे ती! पुण्यातला मिस्त्री सांगेल आणि बारामतीपासून इंदापूरपर्यंत एक ट्रकवाला तुझ्या दारात येणार नाही. खरं सांगून टाक. दिवा गेला तेव्हा काटा वर होता, मी साक्ष देतो."

"व्हय, द्या साक्ष. मग तिला चेटकीन म्हनतील." तो खाली बसला. "तिनं माज्याफुडं पदर पसरला तात्या. मी न्हाय म्हनलो. बॅटरीचं तोंड बगितलं, तिचं न्हाय बगितलं. कुनीतरी माज्याऐवजी दिवा घालवला. कोन ते मला नगं कळाया. पन उरलेलं मला करू द्या."

मी घरी गेलो आणि मीठ आणलं. खडेमीठ, ओंजळभर. त्यानं ते तांब्यात विरघळवलं आणि बॅटरीची सहाही बुचं काढून ओळीनं मांडली. मग सवयीनं वाकून कान ठेवला. मी बाहेर बघितलं. तो रडत होता, आणि मेंढरामागं हिंडलेला माणूस कसा रडतो ते बघवत नाही. तोंडातून आवाज नसतो, नुसते खांदे हलतात. त्यानं सहा तोंडांत मोजून मिठाचं पाणी सोडलं आणि इंजिन चालू केलं.

थोड्या वेळानं वास आला. पटकीच्या साथीत विहिरीत पांढरी पूड टाकतात तसा, नाकाला झोंबणारा. आत जे बारीक बोलणं चालायचं ते घोगरं झालं, मोठं झालं. भर दुपारी, उघड्या दारातून ते मला माझ्या दुकानात ऐकू येत होतं. मी हातातली सायकल खाली ठेवली आणि बोळाच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. परत आलो तेव्हा इंजिन बंद होतं. सिद्धूनं जाड तार लावून बॅटरी पुरती मारली होती आणि तिच्यावर भंडारा टाकला होता.

दुसऱ्या दिवशी सर्जेराव येऊन ती घेऊन गेला.

नऊ दिवस काहीच कळलं नाही. सिद्धू शेडमध्ये यायचा, जुन्या बॅटऱ्यांना पाणी घालायचा, जेवायचा नाही. वडगावकडून कुणी भाजीची गाडी घेऊन आलं की तो उभा राहायचा आणि विचारायचं धाडस न होऊन परत बसायचा. मी दोनदा सायकल काढली होती जाऊन यायला. दोन्ही वेळा त्यानं चाक धरलं. आपण गेलो तर संशय येईल, म्हणाला.

दहाव्या दिवशी, आठवडी बाजार भरला असताना, सर्जेराव आला. त्याच्या हातात पुण्याचा कागद होता. बाजार ऐकेल अशा आवाजात त्यानं तो वाचला. आत मीठ निघालं. पत्रे खाल्ले गेलेत, बॅटरी पहिल्यापासून हलगर्जीपणानं भरली. मग त्यानं सिद्धूच्या थोबाडीत मारली. आवाज मोठा झाला. ट्रकवाले होते, सिनेमावाला होता, पंचायतीची माणसं होती. कुणीतरी म्हणालं, आमच्याही रेडिओत हेच असणार. कुणी थुंकलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात सिद्धूनं माझं मनगट पकडलं. मेंढराचा पाय धरतात तसं, घट्ट.

"चुकलं मालक," तो सर्जेरावाला म्हणाला. गालावर पाची बोटं उठली होती. "फुला कशी हाय?"

"घरातच हाय. कुठं जाईल?" सर्जेराव तडकून बोलला. "तुज्या पान्यापायी आई न्हाय न्हाय ते बोलली तिला. बारशाला आईनंच वटी भरली तिची."

"आन् लेकरू?"

सर्जेरावाला अजून रागच धरायचा होता, पण ते त्याला जमेना. "पितंय," तो म्हणाला. "रातभर रडतंय. दिवा काढला की झोपतंय."

तो वळला आणि गर्दीतून निघून गेला. लोक पांगले. मला खूप बोलायचं होतं, त्या बाजाराला ओरडून सांगायचं होतं. पण सर्जेराव दिसेनासा झाल्यावरही सिद्धूनं माझं मनगट सोडलं नाही, आणि मीही ते सोडवून घेतलं नाही.